विचारा ताईला : सांडू द्या, पण परातीत

प्रश्न : ताई, भुसावळहून लिहितेय. मुलगा ११ महिन्यांचा आहे. जेवायला बसवला की अर्धा वरणभात तोंडात नी बाकीचा फरशीवर, भिंतीवर, माझ्या केसात. केळं दिलं तर चेंदून अंगाला फासतो, झबल्यांवर सगळे तपकिरी डाग, निघतच नाहीत. नळ रोज येत नाही, दिवसातून चार वेळा फरशी पुसायला पाणी आणू कुठून? सासूबाई म्हणतात, तूच भरव, त्याला हात लावू देऊ नको. काय करू?

उत्तर : माय वं, केसातला भात वाचून हसले, माफ कर. पण तुझं पोरगं काही वेगळं करत नाहीये गं. नऊ-दहा महिन्यांची पोरं अंगठा नी बोट जुळवून शीत उचलायला लागतात आणि त्याच सुमारास वस्तू खाली टाकून बघायचा नाद लागतो, वाटी टाकली, ठण्ण वाजली, आई धावत आली, मज्जा वाटली, परत टाकू. तू धावतेस हाच त्याचा अर्धा खेळ आहे, म्हणून धावू नको. सासूबाईंचं निम्मं ऐक, पोटाचे घास तू भरव, पण त्याच्यापुढे चमचाभर तरी असू दे, हाताने खायला तो असाच शिकणार. फक्त वाटीभर द्यायचं नाही. चमचाभर दिलं तर चमचाभरच सांडेल ना.

आता जागा ठरव. आपण चुकतो इथेच, पोरगं एका खोलीत खातं, दुसरीत पळतं आणि आपण फडकं घेऊन मागे मागे. रोज एकच कोपरा, जुनं लुगडं दुहेरी करून पसर, त्यावर घरातली सगळ्यात मोठी परात नी परातीत त्याची वाटी. बहुतेक सांड परातीत राहते, उरलेली लुगड्यावर. वरण लगेच ओल्या फडक्याने टिप, भात मात्र थोडा सुकू दे, ओला पुसायला गेलीस की फरशीभर चिकट होतो, सुकला की लुगडं दारापुढच्या ओट्यावर नेऊन झटकलं की झालं, चिमण्या टपलेल्याच असतात. फार वेळ नको पण, नाहीतर मुंग्यांची रांग लागते.

आणि आंघोळ आधी कशाला घालतेस? जेवण आधी, आंघोळ नंतर. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा ४४-४५ ला टेकतो, तेव्हा झबलं घालून जेवायला बसवायची गरजच नाही, उघडाच बसव आणि तसाच उचलून मोरीत ने. धुणं वाचलं, पाणी वाचलं.

केळ्याचं म्हणशील तर कापलेलं केळं हवा लागून काळं पडतं ना, कपड्यावर तेच होतं, म्हणून सुकायच्या आत साध्या गार पाण्यात बुडव. झाडाच्या चिकाचा डाग तर त्याहून वाईट, रावेर-सावद्याकडे केळीच्या बागेत जाणारे लोक त्यासाठी कपडेच वेगळे ठेवतात, तूही तेच कर, केळ्याचं म्हणून एक झबलं ठरवून टाक नी विसर. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लालभडक होतो, घाबरू नको, धुऊन कडक उन्हात वाळत घाल, हळदीचा रंग उन्हाने उडतो आणि ऊन तर आपल्याकडे फुकट नी भरपूर.

एक गोष्ट मात्र डागांपेक्षा मोठी आहे. नळ रोज नाही म्हणजे घरात बादल्या, टब भरून ठेवलेले असणार. रांगणारं, उभं राहू पाहणारं पोर बादलीत डोकावतं, डोकं जड असतं, तोल जातो आणि त्याला वर येता येत नाही, वीतभर पाणीसुद्धा जिवावर बेततं. झाकणं घट्ट लाव नी मोरीच्या दाराला कडी. फरशी राहिली तरी चालेल, हे राहू देऊ नको.

प्रश्न : अमळनेरला भाड्याच्या घरात राहतो. अडीच वर्षांच्या मुलीने हॉलची भिंत खडूंनी रंगवलीय, घरमालक आले की मी दारात उभी राहून भिंत झाकते.

उत्तर : किती दिवस उभी राहशील! मेणाचे खडू असतील तर ओल्या फडक्यावर खायचा सोडा घेऊन हलक्या हाताने घास, ऑइल पेंटवरून निघतं. डिस्टेंपर किंवा चुना असेल तर खडूबरोबर भिंतीचा रंगही येतो, म्हणून आधी कपाटामागे थोडंसं करून बघ. तशीही श्रावणात कानबाईच्या सणाआधी आपल्याकडे रंगसफेदी निघतेच, मालकांना तेव्हाचं कबूल करून टाक.

पण खडू लपवू नको, मग ती लिपस्टिक शोधेल. मी बालवाडीत होते तेव्हा माँटेसरी पद्धतीतली एक गोष्ट मला फार आवडायची, प्रत्येक मुलाला आपली छोटी चटई, खेळ त्या चटईवरच मांडायचा आणि झाल्यावर चटई गुंडाळून जागेवर. तीन वर्षांची पोरं हे करतात, आई ओरडली म्हणून नाही, चटई माझी आहे म्हणून. तिला ओट्याची शहाबादी फरशी दे, पाटीवरचे साधे खडू दे, रंगवू दे काय ते. पहिले आठ दिवस सोबत बसावं लागेल, तेवढं बस.

प्रश्न : ताई, मी शिरपूरचा. मुलगा तीन वर्षांचा, रात्री गादी ओली करतो. कापसाची गादी आहे, खोलीत वास मारतो. बायकोने कोल्ड्रिंकच्या बाटलीत फिनेल भरून पलंगाखाली ठेवलंय, रोज शिंपडते.

उत्तर : दादा, पहिलं काम, पत्र वाचता वाचता उठा आणि ती बाटली तिथून काढा. पोराला ती कोल्ड्रिंकच वाटणार. फिनेल ज्या डब्यात आलं त्याच डब्यात, वरच्या फळीवर. संडासचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर तर कधीच एकत्र करू नका, विषारी वायू निघतो.

पोराला रागावू नका, पाच वर्षांपर्यंत रात्री असं होणं काही विशेष नाही. ओलं झालं की जुन्या टॉवेलने दाबून टिपा, चोळलं की मुत आणखी आत जातं. मग पांढरं व्हिनेगर नी पाणी निम्मं निम्मं शिंपडा, वाळलं की वर खायचा सोडा भुरभुरून दोनेक तासांनी झटका. जुनाच वास मुरला असेल तर पिंजाऱ्याला बोलवा, कापूस पिंजून नवीन खोळ, दुसरा उपाय मला तरी माहीत नाही.

आणि अंथरायची रीत बदला. गादीवर रबरशीट, वर गोधडी, त्यावर परत रबरशीट, परत गोधडी. रात्री भिजलं की वरची जोडी ओढून काढायची, खाली कोरडं तयार, दिवासुद्धा लावायला नको. सकाळी ती गोधडी गच्चीवर न्यायची, दोन्ही बाजूंनी ऊन द्यायचं. ओली गोधडी किती जड होते ते एकदा उचलून बघा, म्हणून गच्चीचं काम तुमच्याकडे घ्या, बायकोकडे नको.