टीईचं वर्ष ड्रॉप करू का?

ऐरोलीहून एका आईचा मेल आलाय. मुलगा टीई मेकॅनिकलला, म्हणजे इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, वृषणाचा कॅन्सर निघाला, ऑपरेशन झालं, आता खारघरला टाटा मेमोरियलच्या ॲक्ट्रेकमध्ये बीईपी केमोच्या (ब्लिओमायसिन, इटोपोसाइड, सिसप्लॅटिन ही तीन औषधं) तीन सायकल ठरल्यात, पहिली पुढच्या आठवड्यात. विचारतायत की वर्ष ड्रॉप करायचं का, आणि बीईनंतर जीएमई, म्हणजे बोटीवरच्या इंजिनिअरचा कोर्स, करून मर्चंट नेव्हीत जायचं होतं ते आता सोडूनच द्यायचं का.

ताई, ड्रॉपचं आज ठरवूच नका. एक सायकल २१ दिवसांची, म्हणजे तीन सायकलचे ९ आठवडे, सगळं वेळेवर झालं तर. त्यात पहिले पाच दिवस रोज सलाईन, मग आठवड्यातून एकदा ब्लिओमायसिन, आणि साधारण दुसऱ्या आठवड्यात पांढऱ्या पेशी खाली येतात, तेव्हा कॉलेज नाही, ट्रान्स हार्बर लोकलची गर्दी तर अजिबात नाही, आणि ताप १००.४ गेला की क्रोसिन देऊन वाट बघायची नाही, सरळ हॉस्पिटलला फोन. उरलेल्या आठवड्यात तो थोडंफार वाचू शकेल किंवा नाही शकणार, पहिली सायकल झाली की कळेलच. तोवर हजेरीच्या सवलतीचा अर्ज आणि डॉक्टरांचं सर्टिफिकेट प्रिन्सिपॉलांकडे आत्ताच इनवर्ड करून ठेवा, शिक्का मारलेली कॉपी आपल्याकडे. नंतर गेलात तर क्लार्क काय सांगतो ते तुम्हाला माहितीये. दोन विषय राहून केटी लागली तर लागू दे, केटी कोणाला लागत नाही!

बोटीचं मात्र आत्ताच बघायला हवं. बोटीवर जायला डीजी शिपिंग या सरकारी जहाज खात्याच्या मान्यताप्राप्त डॉक्टरकडून मेडिकल फिटनेस लागतो. सिसप्लॅटिनने कानावर परिणाम होऊ शकतो, ब्लिओमायसिनने फुप्फुसावर. सगळ्यांना होतोच असं नाही, पण म्हणूनच केमोआधी ऑडिओमेट्री (कानाची तपासणी) आणि पीएफटी (फुप्फुसाची) करून घ्यायची का ते डॉक्टरांना विचारा आणि रिपोर्ट फाईलला लावा, म्हणजे पुढे तुलना करता येईल. आजार लपवून मेडिकल द्यायचं नाही हं, कधीच नाही. फिट ठरला तर जीएमई, नाही तर डिझाईन आहे, एचव्हीएसी म्हणजे एसी-व्हेंटिलेशनचं काम आहे, जेएनपीए बंदराच्या आसपास लॉजिस्टिक्स आहे, मेकॅनिकलवाल्याला किनाऱ्यावरही काम मिळतं.

क्रिकेटर युवराज सिंगचं उदाहरण एव्हाना सगळ्या मावश्यांनी दिलं असेल. खरंय, त्याचा छातीतला ट्यूमर याच जर्म सेल प्रकारातला होता आणि तो २०१२ मध्येच परत खेळला. या कॅन्सरमध्ये बहुतेक मुलं पूर्ण बरी होतात हेही खरं. पण म्हणून पोराने सलाईनच्या सुईसकट व्हायव्हा द्यावा असं नाही.

अजून एक, तुमच्या मेलमध्ये नाहीये म्हणून लिहितेय, माझा विषय नसला तरी. पहिल्या सलाईनच्या आधी स्पर्म बँकेत सॅम्पल ठेवायचं का ते डॉक्टरांना याच आठवड्यात विचारा. बऱ्याच जणांचं नंतर पूर्ववत होतं पण गॅरंटी नसते, आणि केमो सुरू झाल्यावर ती संधी गेली. वीस वर्षांचा मुलगा आईशी हे बोलणार नाही, बाबांना किंवा मामाला पाठवा, नाहीतर तो आणि डॉक्टर दोघंच बोलू देत.

आणि पुढचा मेल त्याला लिहायला सांगा. सीसीमध्ये तुम्ही नको.