नाशिकमध्ये सरकारी कार्यालयाला लिफ्ट नसेल, तर संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग हक्क करार दाखवता येतो का?

नुसता करार दाखवून काम होत नाही. आपल्याकडे आंतरराष्ट्रीय करार आपोआप कायदा बनत नाही, संसदेला तसा कायदा करावा लागतो (घटनेचं कलम २५३). भारताने हा करार १ ऑक्टोबर २००७ ला स्वीकारला. तो देशात उतरवणारा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम मात्र २०१६ साली आला. म्हणून अर्जात आधी या कायद्याचं कलम लिहा.

तुमच्यासाठी महत्त्वाचं कलम ४५. जुन्या सार्वजनिक इमारती या कायद्याचे नियम आल्यापासून पाच वर्षांत सुगम, म्हणजे दिव्यांगांना स्वतः वापरता येतील अशा, करायच्या होत्या. नियम जून २०१७ चे, म्हणजे मुदत २०२२ मध्येच संपली. माझे वडील व्हीलचेअरवर आहेत. एका कार्यालयात दोन माणसांनी त्यांना उचलून दुसऱ्या मजल्यावर नेलं, तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले होते. ‘मदत करतो ना आम्ही’ हे उत्तर मला तेव्हापासून सहन होत नाही. स्वतःच्या स्वतः आत जाता येणं हा हक्क आहे.

आधी कार्यालयप्रमुखांना लेखी अर्ज द्या, पोच घ्या. दाद लागली नाही तर पुण्याच्या राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करा. चौकशीत त्यांना दिवाणी न्यायालयासारखे अधिकार असतात.

करार वाया जात नाही. कायद्याचा अर्थ लावताना न्यायालयं तो बघतात. राजीव रतुरी प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की सुगमतेचे निकष नुसत्या शिफारशी असून चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत. अर्जात हा निकाल जरूर लिहा.