अनेक वर्षे पित्ताची गोळी घेतल्यानंतर पोट बिघडले आहे आणि गोळी बंद केली की जळजळ वाढते. आता काय करावे?

आपण लिहिले आहे की गेली चार वर्षे आपण रोज सकाळी पॅन्टोप्रॅझोल ४० घेत आहात, वर्षभरापासून जेवणानंतर पोट फुगते, अन्न तासन्‌तास वरच राहिल्यासारखे वाटते, मधूनच पातळ शौचाला होते, आणि तीन वेळा गोळी बंद करून पाहिली तेव्हा दर वेळी तिसऱ्या दिवशी छातीत पूर्वीपेक्षा जास्त जळजळ झाली. यावरून आपण असा निष्कर्ष काढला आहे की आजार तसाच आहे आणि गोळी आता आयुष्यभराची झाली. मला या निष्कर्षाबद्दलच लिहायचे आहे, कारण मीही तोच निष्कर्ष काढून सहा वर्षे काढली. मी डॉक्टर नाही. पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका शाळेत गणित शिकवते. पण या प्रवासात जे भोगले, डॉक्टरांकडून जे समजून घेतले आणि नंतर पडताळून वाचले, तेवढे सविस्तर सांगते.

माझी गोळी पित्तासाठी सुरूच झाली नव्हती. खांदा आखडल्यामुळे मला वेदनाशामक गोळ्या दिल्या होत्या आणि त्यांनी पोट बिघडू नये म्हणून सोबत पॅन्टोप्रॅझोल दिले होते. खांदा मोकळा झाला, वेदनाशामक थांबले, ही गोळी मात्र राहिली. एकदा चार दिवस घेतली नाही तर भयंकर जळजळ झाली, म्हणून पुन्हा सुरू केली, आणि मग चहाच्या डब्याशेजारी तिच्यासाठी एक छोटा स्टीलचा डबा कायमचा ठरून गेला. सकाळी साडेपाचला उठायचे, गोळी घ्यायची, अर्ध्या तासाने चहा टाकायचा. पाकिटावर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये असे छापलेले असते, पण मेडिकलमध्ये सहा वर्षांत एकदाही कोणी चिठ्ठी मागितली नाही आणि मीही दाखवली नाही. दर महिन्याच्या किराणासामानाबरोबर दोन पट्ट्या आणायच्या, इतके ते सवयीचे झाले होते.

पोटाचा त्रास हळूहळू आला, त्यामुळे त्याचा गोळीशी संबंध असेल असे कधी मनातही आले नाही. मधल्या सुट्टीत पोळी-भाजीचा डबा खाल्ला की पाचव्या तासाला फळ्यासमोर उभे राहणे नकोसे व्हायचे; पोट ढोलासारखे ताणले जायचे आणि परकराची नाडी सैल करायला मला शिक्षक खोलीत जावे लागायचे. उसळ खाल्ली की रात्र वाईट जायची. यावर मी पाचक चूर्णे आणि एन्झाइमची सिरप घेत राहिले, म्हणजे एका औषधाच्या मागे दुसरे औषध लावत राहिले. पुढे तळपायांना मुंग्या येऊ लागल्या. तळजाई टेकडीवरून फिरून आल्यावर बूट काढले तरी पायात मोजे असल्यासारखे वाटायचे. रक्त तपासले तेव्हा बी-१२ जीवनसत्त्व फारच कमी निघाले.

जठरातले आम्ल हे शरीराचे काहीतरी बिघडलेले लक्षण आहे, अशी आपली समजूत झालेली असते, कारण ते आपल्याला फक्त जळजळीतूनच जाणवते. प्रत्यक्षात त्याला तीन-चार महत्त्वाची कामे असतात. अन्नातली प्रथिने फोडायला लागणारे पेप्सिन आम्लातच कार्यरत होते. अन्नपाण्याबरोबर पोटात जाणारे बरेचसे जंतू आम्लात मरतात. आम्ल कमी झाले की त्यातले काही पुढे लहान आतड्यापर्यंत तग धरू शकतात, तिथे त्यांची संख्या वाढली तर अन्न आंबून वायू तयार होतो आणि पोट फुगते. दुधा-दह्यातले बी-१२ प्रथिनांना चिकटलेले असते आणि ते सुटे करायलाही आम्ल लागते. लोह आणि कॅल्शियम कार्बोनेट यांच्या शोषणातही आम्लाचा वाटा आहे. अर्थात पोट फुगण्याला दुसरी डझनभर कारणे असू शकतात, त्यामुळे आपल्या बाबतीत गोळीच दोषी आहे असे मी म्हणणार नाही. ती शक्यता तपासून पाहण्यासारखी आहे, एवढेच म्हणते.

बी-१२बद्दल थोडे जास्त लिहिते, कारण आपल्याकडे तो प्रश्न आधीच मोठा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुणे परिसरातील गाव, झोपडपट्टी आणि शहरी मध्यमवर्ग अशा तिन्ही ठिकाणच्या पुरुषांची तपासणी केली होती. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सुमारे दोन तृतीयांश पुरुषांचे बी-१२ कमी आढळले आणि शहरी मध्यमवर्गात तर हे प्रमाण आणखी जास्त होते. म्हणजे शाकाहारी घरातला माणूस मुळातच काठावर उभा असतो. त्यात दोन वर्षांहून अधिक काळ ही गोळी चालू असेल तर बी-१२ कमी असण्याचा संभव वाढतो, असे २०१३ सालच्या अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात दिसले. आपण शाकाहारी असाल तर बाकी काही करण्याआधी ही एक तपासणी करून घ्या. मला इंजेक्शने घ्यावी लागली आणि मुंग्या जायला सात-आठ महिने लागले.

आता मूळ मुद्दा. गोळी बंद केल्यावर होणारी जळजळ म्हणजे जुना आजार परत आला, असे दर वेळी नसते. ही औषधे जठरातल्या आम्ल सोडणाऱ्या पंपांना कायमची चिकटतात. औषध रक्तातून काही तासांत निघून जाते, पण नवे पंप तयार होईपर्यंत परिणाम टिकतो, म्हणून दिवसातून एक गोळी पुरते. आम्ल कमी पडते आहे हे शरीराच्या लक्षात येते आणि ते गॅस्ट्रिन हे संप्रेरक जास्त सोडून आम्ल वाढवण्याची मागणी करत राहते. महिनोन्‌महिने ही मागणी चालू राहिली की आम्लाला चालना देणाऱ्या पेशीही वाढतात. गोळी आहे तोवर हे सगळे दाबलेले असते. गोळी अचानक थांबवली की वाढलेली यंत्रणा एकदम मोकळी सुटते आणि काही आठवडे पूर्वीपेक्षाही जास्त आम्ल तयार होते. डेन्मार्कमधील संशोधकांनी २००९ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग मला याबाबत सर्वांत बोलका वाटतो. त्यांनी १२० निरोगी माणसे घेतली, ज्यांना पित्ताचा काहीही त्रास नव्हता. निम्म्यांना आठ आठवडे एसोमेप्रॅझोल ४० हे पॅन्टोप्रॅझोलच्याच प्रकारचे औषध दिले आणि मग नकळत औषध नसलेली गोळी दिली. उरलेल्यांना पहिल्यापासून औषध नसलेलीच गोळी दिली. औषध थांबल्यानंतरच्या चार आठवड्यांत पहिल्या गटातल्या ४४ टक्के लोकांना जळजळ, आंबट पाणी वर येणे असा त्रास झाला. दुसऱ्या गटात हे प्रमाण १५ टक्के होते. आजार नसलेल्या माणसांची ही स्थिती, तर आपण तिसऱ्या दिवशी हार मानलीत यात आपला दोष नाही. त्या तिसऱ्या दिवसावरून आजार आहे की नाही हे ठरवता येत नाही.

माझ्याकडे हे उलगडले ते एका जुन्या फायलीमुळे. बी-१२च्या निमित्ताने पोटविकारतज्ज्ञांकडे जायचे होते, म्हणून मी सगळे कागद काढले, त्यात खांद्याच्या वेळची चिठ्ठी सापडली. पॅन्टोप्रॅझोलसमोर ‘१५ दिवस’ असे स्वच्छ अक्षरात लिहिलेले होते. मी ती चिठ्ठी बराच वेळ हातात धरून बसले. आपल्या प्रश्नात नेमकी हीच माहिती नाही: गोळी कोणी, कशासाठी आणि किती दिवसांसाठी लिहून दिली होती? डॉक्टरांकडे जाताना ते उत्तर घेऊन जा, कारण पुढचे सगळे त्यावर ठरते.

ज्यांना पूर्वी अल्सरमधून रक्तस्राव झाला आहे, जे हृदयविकारासाठी ॲस्पिरिनसारखी रक्त पातळ करणारी औषधे घेतात आणि ज्यांना रक्तस्रावाचा धोका जास्त आहे, ज्यांच्या अन्ननलिकेला मोठी इजा झाली आहे किंवा तिच्या अस्तरात बदल झाले आहेत, त्यांच्यासाठी ही गोळी संरक्षण आहे आणि त्यांनी ती स्वतःहून मुळीच थांबवू नये. इंटरनेटवर या गोळीबद्दल जे भीतिदायक लिहिले जाते त्यातले सगळे खरेही नाही. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत साडेसतरा हजारांहून अधिक हृदयरुग्णांना सुमारे तीन वर्षे पॅन्टोप्रॅझोल किंवा औषध नसलेली गोळी दिली होती. त्यात स्पष्टपणे वाढलेले दिसले ते आतड्याचे संसर्ग, आणि तेही १.० टक्क्यावरून १.४ टक्क्यांवर. गरज असेल तर गोळी घ्यावीच. गिळताना घास अडकणे, कारण नसताना वजन घटणे, काळी शौच, रक्ताची उलटी किंवा रक्तक्षय यांपैकी काहीही असेल तर हे उत्तर बाजूला ठेवून आधी तपासणी करा. हेलिकोबॅक्टर पायलोरी या जठरातल्या जंतूसाठी श्वासाची किंवा शौचाची तपासणी सांगितली, तर आपण ही गोळी घेता हे आवर्जून सांगा. साधारण दोन आठवडे आधी ती थांबवावी लागते, नाहीतर जंतू असूनही अहवाल चुकीने स्वच्छ येऊ शकतो.

माझी एंडोस्कोपी नीट आली, तेव्हा डॉक्टरांनी गोळी उतरवायची ठरवली. मी उत्साहाने ४०ची गोळी सुरीने अर्धी करू लागले होते. तसे करू नका. जठरातल्या आम्लातच हे औषध खराब होऊ नये म्हणून गोळीवर खास आवरण असते आणि कापल्यावर ते निकामी होते. २०ची वेगळी गोळी मिळते. मी महिनाभर २० रोज, मग महिनाभर एक दिवसाआड घेतली आणि मग थांबवले. थांबवल्यानंतरचे पहिले तीन आठवडे कठीण होते. पाचव्या रात्री दोन वाजता मी पलंगावर उठून बसले होते, घशापर्यंत आंबट येत होते आणि हात डब्याकडे जात होता. अशा रात्रींसाठी डॉक्टरांनी फॅमोटिडिन हे आम्ल कमी करणारे वेगळ्या प्रकारचे औषध आणि जळजळ शमवणारे अल्जिनेटचे सिरप लिहून दिले होते. ते घेतले की अर्ध्या-पाऊण तासात झोप लागायची. रोज नव्हे, लागेल तेव्हाच घ्यायचे, असे त्यांनी बजावले होते. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवल्या, डाव्या कुशीवर झोपू लागले आणि रात्रीचे जेवण साडेसातला आणले. घरातल्यांना हे शेवटचे सर्वांत जड गेले. त्या दिवसांत मेतकूट-भात, मुगाची खिचडी आणि पातळ ताक यांवर मी निभावले. आंबट दही, चहा आणि फोडणीचे तिखट काही काळ बाजूला ठेवले. आठव्या आठवड्यात एक अख्खा आठवडा सिरपशिवाय गेला.

पोट फुगणे एकदम गेले नाही. साधारण चौथ्या महिन्यापासून शाळेतला पाचवा तास सुसह्य झाला. आज साडेतीन वर्षांनंतरही कच्चा कांदा आणि हरभऱ्याची उसळ रात्री मला चालत नाही, आणि गणपतीच्या दिवसांत जागरणे झाली की चार दिवस जळजळ होतेच. तेव्हा सिरप घेते आणि ती ओसरते. आपण पुन्हा प्रयत्न कराल तेव्हा मात्र शाळेच्या परीक्षा, लग्नकार्य किंवा प्रवास यांच्या तोंडावर करू नका. दोन-तीन शांत महिने बघा आणि रात्रीचे सिरप पहिल्या दिवशीच आणून ठेवा, म्हणजे तिसऱ्या दिवशी जळजळ उठेल तेव्हा हाताशी काहीतरी असेल.