कॉलेजात एकही परदेशी विद्यार्थी नाही, तर अध्यापनाचं आंतरराष्ट्रीयीकरण कसं करायचं?

तुम्ही कोल्हापूरजवळच्या कॉलेजात भूगोल शिकवता. नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) तयारीत 'आंतरराष्ट्रीयीकरण दाखवा' असं सांगितलं गेलं. परदेशी विद्यार्थी नाहीत आणि परदेशी विद्यापीठाशी सामंजस्य करार झाला तरी पुढं काही हलत नाही. मग तासाला नेमकं काय बदलायचं, असा तुमचा प्रश्न आहे. मीही कोल्हापुरातच भूगोल आणि पर्यावरण शिकवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

करार आणि दौरे सध्या बाजूला ठेवा. अभ्यासक्रमातलं एकच युनिट निवडा आणि ते असं शिकवा की जगातल्या दुसऱ्या एखाद्या जागेशिवाय ते पुरं समजणारच नाही. वर्गातल्या प्रत्येकाला ते मिळालं पाहिजे.

'प्रत्येकाला' हे महत्त्वाचं. माझ्या वर्गातली बरीच मुलं राधानगरी, पन्हाळा, शिरोळकडून एसटीनं येतात. त्यातली परदेशी शिकायला जाणारी फार थोडी, आणि ती आपापली वाट काढतातच. बाकीच्यांच्या पदवीत जग यायचं असेल तर ते वर्गातच यायला हवं. स्वीडनमधल्या माल्मो शहरात १९९८ मध्ये नवी उच्च शिक्षण संस्था सुरू झाली, तेव्हा तिच्याकडे परदेशी विद्यापीठांशी जुने संबंध नव्हते. तिथल्या बेंग्त निल्सन यांनी परदेशी न जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आपल्याच शहरातलं वैविध्य शिकण्यात आणायचा विचार मांडला. आपल्याच संस्थेत राहून होणाऱ्या आंतरराष्ट्रीयीकरणाची चर्चा युरोपात तिथून वाढली. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगानं (यूजीसी) २०२२ मध्ये ट्विनिंग, संयुक्त पदवी आणि दुहेरी पदवीचे नियम काढले. तो मार्ग चांगलाच आहे. पण ट्विनिंगमध्ये काही श्रेयांक विद्यार्थ्यानं स्वतः परदेशी जाऊन घ्यायचे असतात. एका शिक्षकाच्या हातात असलेलं ते काम नव्हे.

आता प्रत्यक्ष उदाहरण. भूगोलाला कोल्हापुरात पुरापेक्षा जवळचा विषय नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी आणि ४३ फुटांवर धोका पातळी, हे शेंडापार्कापासून प्रयाग चिखलीपर्यंत सगळ्यांना पाठ आहे. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर मुलांच्या घरात शिरलेले आहेत. जुलै २०२१ मध्ये आपल्याकडे पाणी चढलं, त्याच्या आठवडाभर आधी, १४ जुलैच्या रात्री, जर्मनीत आर नावाच्या छोट्या नदीनं आपलं खोरं उद्ध्वस्त केलं. त्या पुरात जर्मनीत १८० हून अधिक माणसं गेली. आर ऱ्हाइनला मिळते, पंचगंगा नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते. दोन्ही मोठ्या नद्या सीमा ओलांडतात, कृष्णा राज्यांच्या आणि ऱ्हाइन देशांच्या.

वर्गात मी ही दोन खोरी शेजारी ठेवते आणि पूररेषेचा प्रश्न विचारते. आपल्याकडे निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. जर्मनीतही शंभर वर्षांच्या पुराचा नकाशा असतो. मग आरच्या खोऱ्यात एवढा हाहाकार का झाला? कारण तिथला शंभर वर्षांचा हिशोब १९४७ पासूनच्या मोजमापांवर बेतला होता. १८०४ आणि १९१० चे महापूर त्यात धरलेच नव्हते. ते जुन्या नोंदींत होते, पण आकडेमोडीत नव्हते. हे कळल्यावर मुलं आपल्या गावाकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागतात. माझ्या विद्यार्थ्यांनी चिखली, आंबेवाडीत जाऊन म्हाताऱ्या माणसांना विचारलं, देवळाच्या कितव्या पायरीला पाणी लागलं होतं ते लिहून घेतलं, आणि ते पूररेषेच्या नकाशावर ठेवून पाहिलं. आरचं खोरं माहीत नसतं तर ही चौकशी त्यांना सुचली नसती. आंतरराष्ट्रीयीकरण म्हणजे मला नेमकं हेच अभिप्रेत आहे.

पुढचा तास कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या अलमट्टी धरणावर. धरणाची उंची ५१९.६० वरून ५२४.२५६ मीटर करण्यावरून महाराष्ट्र आणि कर्नाटकात वाद आहे, वर्गात त्यावर आवाज चढतात. निपाणीकडची कन्नड बोलणारी मुलंही बसलेली असतात. त्यांना आधी बोलू द्या, कारण दुसऱ्याच्या बाजूनं नदी बघायचा सराव तिथंच होतो. मग ऱ्हाइनकडे या. १९५० मध्ये ऱ्हाइनकाठच्या देशांनी संयुक्त आयोग नेमला. १९८६ मध्ये बासेलजवळ सँडोझच्या गोदामाला आग लागली, विषारी पाणी नदीत गेलं आणि मासे मेले, तेव्हा त्या आयोगाच्या कामाला खरा जोर आला. आकडे एकत्र पाहणं आणि वरच्यानं खालच्याला वेळेत कळवणं, ही व्यवस्था त्यांनी कशी बसवली ते वाचायला द्या. तसंच्या तसं इथं लागू पडतं असं मी म्हणत नाही. आपल्या नदीत पाणी चार महिन्यांतच येतं आणि ऊसशेतीचं गणित वेगळं आहे. हा फरक मुलांनीच काढला पाहिजे.

इथवर परदेशी कुणाची गरज लागत नाही. लागली तर कॉइल पद्धत बघा: दोन देशांतले दोन वर्ग, दोन शिक्षक, काही आठवडे ऑनलाइन एकत्र काम. न्यूयॉर्क राज्याच्या सुनी विद्यापीठानं ती रुजवली. आधी ओळख, मग मिश्र गटांत एक ठोस काम, शेवटी काय शिकलो त्याचं टिपण. ओळखीवरच थांबलात तर वेळ फुकट जातो. अमेरिकेशी थेट तास जमवणं अवघड, कारण त्यांची सकाळ होईपर्यंत आपल्या मुलांची शेवटची एसटी निघून जाते. जर्मनी सोयीची. हिवाळ्यात आपले अडीच म्हणजे त्यांचे सकाळचे दहा. पण त्यांचे तास साधारण ऑक्टोबरच्या मध्यात सुरू होऊन फेब्रुवारीत संपतात आणि आपली दिवाळी व परीक्षा मध्येच येतात, म्हणून जानेवारीचे आठवडे धरावेत असा माझा सल्ला.

इंग्रजीची भीती खरी आहे आणि ती मुलांच्या माथी मारू नका. गटातली चर्चा मराठीत होऊ दे, मांडणी इंग्रजीत करायची आणि ती आधी दोनदा म्हणून घ्यायची. पलीकडच्या वर्गालाही इंग्रजी परकीच असते, हे लक्षात आलं की बरीच मुलं तोंड उघडतात. नेट दगा देतं, म्हणून तास रेकॉर्ड करा आणि लेखी कामाला जास्त जागा द्या.

गुणांचं मात्र आधीच ठरवा. 'जर्मनीतील पुराची माहिती लिहा' असा प्रश्न घातलात तर गाइडमधलं उत्तर येईल. अंतर्गत मूल्यमापनात असा प्रश्न द्या: तुमच्या गावच्या पूररेषेत कोणत्या जुन्या नोंदी धरलेल्या नाहीत, आणि आरचा अनुभव बघता त्या का धराव्यात? नॅकच्या फाइलला हीच उत्तरपत्रिका लावा, त्यासोबत युनिटचा आराखडा आणि गुणदानाचे निकष.

जानेवारीत जोडीनं वर्ग घ्यायचा असेल तर परदेशातल्या शिक्षकाला पहिला मेल जून-जुलैतच जाऊ द्या. आपला अभ्यासक्रम, युनिट आणि मुलांनी काढलेले पुराचे चार फोटो एवढंच जोडा. विद्यापीठाच्या पत्राची वाट बघत बसू नका, फक्त प्राचार्यांना सांगून ठेवा.