सापाच्या विषग्रंथीतली प्रथिने कशी ओळखतात, आणि त्याचा उपयोग काय?

सापाचं विष म्हणजे बहुतांशी प्रथिनांचं मिश्रण. ते काढून वाळवतात, मग क्रोमॅटोग्राफीने घटक वेगळे करतात. ट्रिप्सिन या विकराने प्रत्येक घटकाचे तुकडे करून मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये त्यांचं वस्तुमान मोजतात आणि ज्ञात प्रथिनांशी ताडून पाहतात. ग्रंथीतला आरएनए, म्हणजे सक्रिय जनुकांची प्रत, हीही वाचली तर ओळख पक्की होते, कारण कुठली जनुकं तिथे काम करतात ते कळतं. भारतीय नागाचा जनुकसंच 2020 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात विषाशी संबंधित 139 जनुकं सापडली. त्यातली 19 मुख्यतः विषग्रंथीतच सक्रिय.

उपयोगाचं म्हणाल तर माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रतिविषाचा, म्हणजे विषातली प्रथिने निकामी करणाऱ्या औषधाचा. नागाच्या विषातली छोटी प्रथिने स्नायू लुळे पाडतात, तर घोणसाच्या विषातली प्रथिने माणसाची रक्त गोठण्याची क्रिया बिघडवतात. शिवाय एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशानुसार बदलतं. आपल्याकडच्या प्रतिविषासाठी लागणारं विष बरीच वर्षं मुख्यतः तमिळनाडूतल्या, साप पकडणाऱ्या इरुला समाजाच्या सहकारी संस्थेकडून येत आलंय. त्यामुळे दूरच्या भागातल्या दंशावर हे प्रतिविष कधीकधी कमी पडतं. शेतात घोणस चावलेल्या माणसासाठी हा फरक जिवावरचा असतो, म्हणून प्रदेशवार प्रथिनांची यादी हवीच.