थीम पार्कमध्ये थीम कडक पाळावी की लोकांना आवडेल ते ठेवावं? प्रमाण किती टक्के असावं?

तुम्ही माझ्या मेहुण्याच्या ओळखीतले तर नाही ना, हे आधी प्रोफाइल उघडून पाहिलं. नाही आहात, म्हणून लिहितो.

सातारा-वाई पट्ट्यात आमची चार एकर जागा. तिथं 'जुनं गाव' उभं केलं: चावडी, लोहाराचा भाता, कुंभाराचं चाक, तेलाचा घाणा. निम्मे पैसे माझे, निम्मे मेहुण्याचे. उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर हा गडी टेम्पोतून फायबरचा डायनासोर घेऊन आला आणि चावडीला खेटून उतरवला. म्हणाला, "दाजी, घाणा बघायला कोण येतंय?"

पोरं डायनासोरलाच चिकटली, ते नाकारत नाही. आमचे पगारी पाटीलसुद्धा दुपारी फेटा उशाला घेऊन त्याच्या पोटाखाली सावलीला झोपायचे.

मग त्याला रेन डान्स पाहिजे झाला. मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. फ्लोरिडातल्या एपकॉट या डिस्नेच्या पार्कमध्ये नॉर्वेच्या दालनात 1988 पासून होडीची राइड होती, ती काढून 2016 साली तिथंच 'फ्रोझन' या पिक्चरची आणली. "डिस्नेवाल्यांनी थीम मोडली, आपण कोण लागून गेलो?" त्या पिक्चरातलं राज्य काल्पनिक, म्हणून तिकडचे जुने शौकीन चिडलेही. पण होड्या त्याच ठेवल्या, पाण्याची वाट तीच, बर्फही नॉर्वेला शोभणारा. चावडीशेजारी डायनासोर आणि हे एकच का?

मला उत्तर सापडलं साताऱ्याजवळच्या लिंब गावात, बारामोटेच्या विहिरीवर. वीरूबाई भोसल्यांनी 1719 ते 1724 मध्ये बांधून घेतलेली. वर मोटांच्या (बैलांनी पाणी ओढायच्या चामडी पिशव्यांच्या) जागा बघत उभा होतो आणि डोक्यात आलं, पोरांना भिजायचंच आहे ना, मग मोटेनं भिजवू.

आमच्या विहिरीवर मोट बसवली. चामड्याची शिवणारं कोणी मिळेना, म्हणून पत्र्याची केली, सोंड रेक्झिनची. बैल धावेवरून, म्हणजे विहिरीपुढच्या उतारावरून, उतरू लागले की नाडा ताणतो, चाक कुरकुरतं आणि थारोळ्यात (मोटेचं पाणी पडतं त्या हौदात) बसलेली पोरं एकदम गप्प होतात. मग सोंडेतून भसकन पाणी येतं आणि जो कल्ला होतो! फवारा सतत पडतो, त्याचा दहा मिनिटांत कंटाळा येतो. मोटेची वाट बघावी लागते, सगळी गंमत तिथंच आहे. हे मेहुण्याला तीन वर्षं सांगतोय.

तर टक्केवारीत हे बसत नाही. लोकांना भिजायचं असतं, फोटो काढायचा असतो, काहीतरी गार प्यायचं असतं. ते सगळं द्या, पण तुमच्या गावात जे होतं त्यातूनच द्या. आम्ही कोल्ड्रिंकचा फ्रीज काढून माठातलं कोकम सरबत ठेवलं. खप कमी झाला नाही. (कोकम साताऱ्याचं नाही, कोकणातलं, हे मेहुण्यानं लगेच दाखवून दिलं. असो.)

एक राहिलं. बैल दमतात, त्यामुळे मोट सकाळ-संध्याकाळच चालते. मधल्या वेळेत पोरं डायनासोर कुठाय विचारतातच. शिवाय हे चार एकरांचं गणित आहे. खोपोलीजवळच्या इमॅजिकासारख्या मोठ्या पार्कात वेगवेगळे विभाग पाडून दोन्ही खपवता येतं.

डायनासोर सध्या पार्किंगमध्ये उभा आहे. मेहुणा म्हणतो, लोक सगळ्यात जास्त वेळ तिथंच थांबतात.