व्हेंटिलेटरवरचा भ्रम आणि औषधं

प्रश्न : वडील ६८ वर्षांचे, वजन ६० किलो. फ्लूच्या न्यूमोनियामुळे आठवडाभर व्हेंटिलेटरवर आहेत. दोन दिवसांपासून नळी ओढतात, पाय झाडतात, आम्हाला ओळखत नाहीत. हात बांधलेले बघवत नाहीत. डॉक्टर झोपेचं इंजेक्शन देऊन त्यांना पूर्ण शांत का करत नाहीत?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : तुमची घालमेल समजते. हे वेड नाही. गंभीर आजारात अचानक होणाऱ्या अशा भ्रमाला डिलिरियम म्हणतात, आणि बहुतेकांचा तो उतरतो.

औषधाआधी कारण शोधावं लागतं. ऑक्सिजन कमी पडतोय का, कार्बन डायऑक्साइड साठलाय का, सोडियम किंवा साखर बिघडली आहे का, दुखतंय का. कधी लघवीची नळी मांडीखाली दबून मुडपलेली असते, पिशवी रिकामी आणि मूत्राशय तट्ट फुगलेलं. अशा वेळी नळी सरळ केली की तळमळ थांबते. तिथे गुंगीचं औषध देणं म्हणजे त्रास झाकणं.

मिडाझोलमसारख्या झोपेच्या इंजेक्शनने रुग्ण झोपतो खरा, पण भ्रम वाढतो आणि व्हेंटिलेटर सुटायला उशीर होतो. अपवाद दारू अचानक बंद झाल्याचा. तिथे याच गटातली औषधं लागतात, म्हणून वडील रोज घेत असतील तर संकोच न करता डॉक्टरांना सांगा.

श्वासाची नळी काढण्याच्या बेतात आलेला रुग्ण असा अस्वस्थ असेल, तर डेक्समेडेटोमिडीन हे हलकी गुंगी आणणारं औषध चांगलं. ते श्वास फारसा दाबत नाही, हाक मारली की रुग्ण डोळे उघडतो. २०० मायक्रोग्रॅमची बाटली सलाईनमध्ये मिसळून ५० मिली करतात, म्हणजे १ मिलीत ४ मायक्रोग्रॅम. ताशी किलोमागे ०.४ मायक्रोग्रॅम द्यायचं तर तुमच्या वडिलांना पंपावर ताशी ६ मिली. सुरुवातीचा मोठा डोस शक्यतो टाळतात, कारण नाडी मंदावते आणि बीपी पडतं. असर यायला वेळ लागतो. त्याच क्षणी नळी निघण्याची भीती असेल तर प्रोपोफॉल हे झटपट गुंगी आणणारं औषध वापरतात. फुप्फुसं इतकी खराब असतील की स्नायू सैल करण्याचं औषध द्यावं लागतंय, तर मात्र गाढ झोपवावंच लागतं, आणि त्याला एकटं डेक्समेडेटोमिडीन पुरत नाही.

प्रश्न : अशा भ्रमात हॅलोपेरिडॉल हे मानसिक आजारांवरचं औषध द्यावं का?
— एक परिचारिका, हडपसर

उत्तर : सरसकट नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत त्याने भ्रमाचे दिवस कमी झाले नाहीत. फार त्रास असेल तर डॉक्टर थोडक्यासाठी देतात, तेही ईसीजी पाहून. ईसीजीवरचा क्यूटीसी (प्रत्येक ठोक्यातला एक मोजता येणारा काळ; तो फार लांबला तर ठोके धोकादायकपणे बिघडू शकतात) ५०० मिलिसेकंदांच्या वर गेला तर थांबवायचं. अ‍ॅझिथ्रोमायसिन (अँटिबायोटिक) किंवा ऑनडॅनसेट्रॉन (उलटीवरचं औषध) चालू असेल तर आणखी जपून, कारण तीही क्यूटीसी वाढवतात, पोटॅशियम आणि मॅग्नेशियमही बघून. राइल्स ट्यूबमधून (नाकातून पोटात जाणारी नळी) रात्री दिलेली क्वेटियापिन या भ्रमावरच्या औषधाची २५ मिग्रॅची गोळी भ्रम गेल्यावरही पुष्कळदा डिस्चार्जच्या कागदावर तशीच राहते, ती नक्की तपासा.

आणि नातेवाइकांनो, चष्मा आणि कानाचं यंत्र आणून द्या. कानाशी जाऊन सावकाश सांगा, "बाबा, आज मंगळवार आहे. तुम्ही हॉस्पिटलमध्ये आहात. नळीमुळे बोलता येत नाहीये, मी इथेच आहे." दर भेटीत सांगा.